परिभाषा अंगवळणी पडताना

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या एम.ए.ची चार सत्रे पूर्ण करताना माझा सर्वांत जास्त वेळ परिभाषेने घेतला. मी अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याची. बी.ए. मराठी वाङ्मयात आणि मराठी माध्यमातून झालेले. इथे शिकवणे, वाचन आणि परीक्षा इंग्रजीतून होती. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने एकाच वेळी दोन अनोळखी गोष्टी शिकाव्या लागत होत्या, एक विषय आणि दुसरी तो विषय ज्या भाषेत बोलला जातो ती. यांतली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती, असे माझे आजही मत आहे. मात्र ती ज्या वाटेने सुटत गेली ती वाट इंग्रजी सुधारण्याची नव्हती. ती परतवाड्याच्या बोलण्यातून, म्हणजे ज्याला शाळेत ‘अशुद्ध’ म्हणत असत त्या वऱ्हाडीतून गेली.

पहिल्या सत्रात स्वनविज्ञान, म्हणजे बोलण्यातले ध्वनी कसे तयार होतात याचा अभ्यास, होते. ओठ, दात, तालू, स्वरतंत्री यांची नावे आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची चिन्हे हे पाठांतराचे काम असल्यामुळे ते लवकर जमले. अडले ते ‘व्हॉइस ऑनसेट टाइम’ या संकल्पनेपाशी. व्यंजनाचा अडथळा सुटण्याचा क्षण आणि स्वरतंत्री कंप पावू लागण्याचा क्षण यांतले अंतर, अशी तिची व्याख्या मी परीक्षेत लिहू शकले असते. पण हे अंतर मोजायचेच कशाला, हे कळत नव्हते. ते प्रयोगशाळेत कळले. ‘प्रात’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरून आम्ही आपापला आवाज ध्वनिमुद्रित केला आणि पडद्यावर ‘त’ आणि ‘थ’ शेजारी शेजारी पाहिले. ‘त’मध्ये कंप जवळजवळ लगेच सुरू होत होता, ‘थ’मध्ये काही मिलिसेकंदांची पोकळी दिसत होती. जे कानाला ‘हवा जास्त’ एवढेच जाणवते, त्याला लांबी होती आणि ती मोजता येत होती.

खरी मजा पुढे होती. १९६४ साली लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनी-अभ्यासकांनी ११ भाषांतली स्पर्शव्यंजने, म्हणजे ‘प’, ‘त’, ‘क’ यांसारखी हवा पूर्ण अडवून सोडलेली व्यंजने, याच मापाने तपासली. त्या ११ भाषांत चार प्रकारची स्पर्शव्यंजने असणाऱ्या भाषा दोनच होत्या, हिंदी आणि मराठी. त, थ, द, ध यांपैकी पहिली तीन या मापाने व्यवस्थित वेगळी होतात, पण ‘द’ आणि ‘ध’ होत नाहीत, कारण दोन्हींत कंप अडथळा सुटण्याच्या आधीच सुरू झालेला असतो. ‘ध’चे वेगळेपण सुटकेनंतरच्या हवेशीर घोषात, म्हणजे पुढच्या स्वराच्या सुरुवातीला कंपाबरोबर जी हवा सुटते तिच्यात असते. जगभर वापरले जाणारे एक माप आपल्या बाराखडीतल्या ‘ध’पाशी येऊन अपुरे पडते, हे वाचल्यावर त्या संज्ञेचा धाक संपला. तिचे काम काय आणि ती कुठवर चालते हे दोन्ही ठाऊक झाले होते, आणि मग मी ती न अडखळता वापरू लागले.

स्वनिमविचारात हाच अनुभव थोडा वेगळ्या प्रकारे आला. दोन ध्वनींमुळे अर्थ बदलत असेल तर ते दोन वेगळे स्वनिम, आणि तो बदल दाखवणारी शब्दांची जोडी म्हणजे लघुतम युग्म, हे पुस्तकात इंग्रजी उदाहरणांनी समजावलेले असते. वर्गात प्रत्येकाला आपल्या भाषेतली जोडी आणायला सांगितले होते. मराठीची मुले-मुली सहसा ‘जरा’ आणतात. थोडे या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ एकाच अक्षराने लिहिले जातात, पण पहिल्यातला ‘ज’ दंतमूलीय आणि दुसऱ्यातला तालव्य. लिपी जो भेद दाखवत नाही तो उच्चारात असतो आणि बोलणाऱ्याला तो कुणी न शिकवता येतो, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. मी मात्र ‘ळ’ घेऊन गेले. आमच्याकडच्या पुष्कळ लोकांच्या बोलण्यात ‘डोळा’चा ‘डोया’, ‘सकाळी’चे ‘सकायी’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो. मग असे बोलणाऱ्याच्या तोंडी रंगाचा ‘काया’ आणि शरीर या अर्थाची ‘काया’ यांत फरक उरतो का? उरत नसेल तर त्याच्या बोलीत ‘ळ’ हा स्वनिम आहे असे म्हणायचे की नाही? आणि तोच माणूस तालुक्याच्या कचेरीत गेल्यावर ‘काळा’ म्हणत असेल तर? मॅडमनी उत्तर दिले नाही. त्या म्हणाल्या, “याला विलीनीकरण म्हणतात. पण हा शब्द लिहिण्याआधी एक सांगा, कोण बोलतं, कुणाशी आणि कुठे? हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला काही किंमत नाही.” स्वनिमविचाराच्या तासाला पडलेल्या या प्रश्नाचे निम्मे उत्तर पुढे समाजभाषाविज्ञानाच्या तासाला मिळाले.

रूपविचार, म्हणजे शब्दांच्या घडणीचा अभ्यास, मला सर्वांत सोपा गेला, कारण सामान्यरूप शाळेपासून माहीत होते. ‘घोडा’चे ‘घोड्या’ झाल्याशिवाय ‘ला’ लागत नाही, हे मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या व्याकरणातही आहे आणि आठवीच्या पुस्तकातही. नवे होते ते त्यामागचे प्रश्न. उदाहरणार्थ, ‘प्रॉडक्टिव्ह’ हा साधा वाटणारा शब्द. ‘गोडवा’, ‘गारवा’, ‘ओलावा’ या शब्दांतला प्रत्यय मराठीत आहे खरा, पण नव्या शब्दाला तो कुणी लावत नाही. ‘पणा’ मात्र ‘बोअरिंगपणा’, ‘स्मार्टपणा’ असा आज सकाळी आलेल्या शब्दालाही लागतो. म्हणून ‘पणा’ प्रॉडक्टिव्ह आणि ‘वा’ नव्हे. अशा शब्दांनी मला जास्त छळले. स्वनिम, रूपिम, पदबंध हे शब्द परके आहेत हे बघताक्षणी कळते, म्हणून माणूस कोश उघडतो. पण ‘अकाउंट’, ‘क्लेम’, ‘मार्क्ड’, ‘ट्रिव्हिअल’ हे ओळखीचे कपडे घालून येतात आणि वाक्याचा अर्थ भलतीकडे नेतात. ‘या सिद्धांताकडे या रूपांचा अकाउंट नाही’ याचा अर्थ हिशेब नाही असा नसून स्पष्टीकरण नाही असा होतो, हे कुठल्याही परिभाषाकोशात सापडत नाही, कारण ती परिभाषाच मानली जात नाही. हे शब्द वाचून वाचूनच उमगतात. आमच्यापैकी चौघींनी संध्याकाळी एकत्र बसून लेख मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा असा क्रम ठेवला होता. एक मैत्रीण मणिपूरची होती, एक केरळची. एकच वाक्य तीन भाषांत तीन प्रकारे समजले की इंग्रजी वाक्य पुन्हा नीट वाचावे लागे. या बैठकांचा उपयोग व्याख्यानांइतकाच झाला.

आता वाक्यविन्यासाविषयी, आणि इथे थोडे थांबावे लागेल. शाळेत आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते. इंग्रजीच्या तासाला ‘पॅसिव्ह व्हॉइस’चे भाषांतरही ‘कर्मणी प्रयोग’ असेच करतात. हे दोन कर्मणी एक नव्हेत, ही गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला वाक्यविन्यासाच्या पहिल्या महिन्यात स्वतःला बजावून सांगावी लागते. ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’ हे इंग्रजी अर्थाने कर्मणी. त्यात राम बाजूला सारला जातो आणि तो गाळला तरी वाक्य चालते. ‘रामाने आंबा खाल्ला’मध्ये राम बाजूला गेलेला नाही, तोच वाक्याचा मुख्य घटक आहे. फक्त पूर्ण झालेल्या क्रियेच्या वाक्यात त्याला ‘ने’ लागला आहे आणि क्रियापदाने आपले लिंगवचन आंब्याकडून घेतले आहे. या रचनेला ‘अर्गेटिव्ह’ म्हणतात. शाळेतला कर्मणी प्रयोग हा अडथळा ठरला असे मी म्हणणार नाही. उलट क्रियापद कुणाच्या मागे चालते हे बघायची सवय आम्हांला त्यानेच लावली होती, आणि ज्यांच्या शाळेत हे नव्हते त्यांना ती सवय नव्याने लावून घ्यावी लागली. गोंधळ फक्त एकाच नावाखाली दोन गोष्टी ठेवल्यामुळे होतो.

आणि मग प्रथम आणि द्वितीय पुरुषाचा प्रश्न येतो. प्रमाण मराठीत ‘त्याने पोळी खाल्ली’, पण ‘मी पोळी खाल्ली’. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, तरी क्रियापद पोळीमागेच जाते. ‘तू पोळी खाल्लीस’मध्ये तर क्रियापद दोन धन्यांची चाकरी करते, ‘ली’ पोळीकडून आणि ‘स’ तू कडून. हे फळ्यावर मांडले जात असताना मला माझी आजी आठवली. ती ‘मी सांगितलं’ असे कधीच म्हणत नाही, ती म्हणते, ‘म्या सांगतलं.’ वर्गात हे सांगितल्यावर सरांनी पुढच्या तासाला ज्ञानेश्वरीतली ‘मियां’, ‘म्यां’ ही रूपे दाखवली. प्रथम पुरुषाची तृतीया जुन्या मराठीत होती. प्रमाण भाषेने ती सोडली आणि तिची जागा ‘मी’ने घेतली. बोलींनी ती सांभाळली. म्हणजे ‘प्रथम पुरुषात ही खूण दिसत नाही’ हे विधान मराठीविषयी नव्हे, एका मराठीविषयी होते. ‘स्प्लिट अर्गेटिव्हिटी’, म्हणजे अर्गेटिव्हची खूण काही ठिकाणी दिसणे आणि काही ठिकाणी न दिसणे, ही संज्ञा मी कधी पाठ केली नाही. परतवाडा आणि पुणे यांच्यातल्या या फरकाला दुसरे नावच नव्हते.

‘कर्ता’ या शब्दाचेही असेच विघटन झाले. ‘मला भूक लागली’ यात कर्ता कोण, असे शाळेत विचारले की ‘भूक’ असे उत्तर येते, कारण ‘लागली’ तिच्यामागे चालते. पण ‘ते चित्र बघून मला राग आला’ यात बघणारी कोण? राग काही चित्र बघत नाही. ‘सीमाला आपल्या भावाची आठवण आली’ यात ‘आपल्या’ म्हणजे सीमाच्या. ‘ऊन’ प्रत्ययाच्या कृदन्तामागचा करणारा आणि ‘आपला’चा धनी या दोन कसोट्या लावल्या की ‘ला’ लागलेले पद कर्त्यासारखे वागते आणि प्रथमेतले पद तसे वागत नाही. मग ‘कर्ता’ या एका शब्दात जे काही कोंबलेले होते ते सुटे होते: क्रिया करणारा कोण, क्रियापद कुणामागे जाते आणि वाक्यरचनेत वरचे स्थान कुणाचे. एम.ए.ला मला शब्द मिळाले त्यापेक्षा जास्त वेळा असे झाले की माझा एखादा जुना शब्द फुटला आणि त्याच्या जागी तीन ठेवावे लागले.

ऐतिहासिक भाषाविज्ञान मला वाचायला आवडले, पण त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा १९२०चा फ्रेंच ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या १९४१च्या मराठी भाषांतरात वाचता आला, हे भाग्यच. एक गंमत मात्र सांगते. ऐतिहासिक भाषाविज्ञानात शब्दाआधी तारका काढली की ते रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी पुनर्रचित केलेले आहे असा अर्थ होतो. वाक्यविन्यासात तीच तारका वाक्याआधी काढली की ते वाक्य बोलणाऱ्याला अमान्य आहे असा अर्थ होतो. सकाळच्या तासाला तारका म्हणजे ‘बहुधा असे होते’, दुपारच्या तासाला ‘असे होऊच शकत नाही’.

समाजभाषाविज्ञानात गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांचा १९७१चा कुपवाडविषयीचा लेख नेमलेला होता. सांगलीजवळच्या या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. त्यांचे शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्यांची रचना इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाजागी शब्द ठेवत गेले की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. हा लेख वाचताना मला आमच्या बाजाराचा दिवस दिसत होता. परतवाडा हे मेळघाटचे तोंड आहे आणि बाजाराला कोरकू बोलणारे लोक येतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्यात एकवचन आणि अनेकवचनाखेरीज द्विवचन आहे, आणि ‘कोरकू’ या नावातला ‘कू’ हाच मुळी अनेकवचनाचा प्रत्यय आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा मराठीतला भेद तिच्यातही आहे. इतकी वर्षे ज्या भाषेशेजारी मी भाजी घेतली तिच्याविषयी हे सारे मला पुण्याच्या ग्रंथालयात कळले, ही गोष्ट मला नीटशी पचलेली नाही.

तिसऱ्या सत्राच्या निबंधासाठी मी वऱ्हाडीतले ‘ऊन राहणे’ घेतले. आमच्याकडे ‘पाऊस येऊन राह्यला’ म्हणजे पाऊस आता येतो आहे. आजी फोनवर विचारते, “काय शिकून राह्यली वं तू पुन्याले?” पुण्यातल्या मैत्रिणीला ‘तो जेवून राहिला’ असे ऐकवले तर ती म्हणते, जेवला आणि मग मुक्कामाला राहिला. एकाच साच्याचे दोन अर्थ. निबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की ही रचना हिंदीच्या प्रभावाने आली आहे, कारण हिंदीत ‘कर रहा है’ असे म्हणतात आणि वऱ्हाड मध्य प्रांताशी बराच काळ जोडलेला होता. मॅडमनी ‘प्रभावाने’ या शब्दाभोवती वर्तुळ काढून परत दिला. शेजारी लिहिले होते, ‘कशावरून?’

पुढचे दोन महिने मी या ‘कशावरून’च्या मागे होते, आणि भाषाविज्ञानाची भाषा मला खऱ्या अर्थाने त्या काळात आली. साम्य असणे आणि उसने घेणे यांत अंतर आहे. ‘राहणे’ अशा अर्थाचे क्रियापद झिजत जाऊन सातत्य दाखवू लागणे, ज्याला व्याकरणीकरण म्हणतात, हे अनेक भाषांत स्वतंत्रपणेही घडते. मग उसनवारी म्हणायची असेल तर काळाचा पुरावा हवा. ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५चा आहे आणि तो मराठीचाच असल्याने त्यात वऱ्हाडीचेही नमुने आहेत. पण त्या सर्वेक्षणाचा नेहमीचा नमुना म्हणजे बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे त्या त्या बोलीतले रूपांतर. भूतकाळात सांगितलेल्या गोष्टीत ‘आत्ता चालू आहे’ असे म्हणायची वेळ फारशी येत नाही. त्यामुळे तिथे एखादी रचना दिसली नाही, एवढ्यावरून ती त्या काळी नव्हती असे ठरत नाही. ही सर्व वळणे कागदावर उतरवताना ‘सूचित होते’, ‘नाकारता येत नाही’, ‘या सामग्रीपुरते’ हे शब्दप्रयोग हाताशी आले. आधी मला ते विद्वानांचे कातडीबचाऊ शब्द वाटत. आता प्रत्येकाचे माप कळू लागले. ‘सूचित होते’ म्हणजे दुसरा अर्थही शक्य आहे पण हा जास्त संभवनीय. ‘नाकारता येत नाही’ म्हणजे माझ्याकडे बाजूनेही फारसे काही नाही. अंतिम मसुद्यात हिंदी संपर्काचा उल्लेख राहिला, पण शक्यता म्हणून, आणि निबंधाचा गाभा झाला तो ही रचना कोणकोणत्या क्रियापदांबरोबर येते याचे वर्णन.

चौथ्या सत्रात त्याच विषयावर प्रबंधिका लिहिली आणि त्यासाठी गावी जाऊन ध्वनिमुद्रणे केली. उदाहरणे तीन ओळींत मांडायची असतात: पहिल्या ओळीत बोललेले वाक्य, दुसरीत प्रत्येक घटकाखाली त्याची व्याकरणिक ओळख, तिसरीत अर्थ. मधल्या ओळीत ‘राह्यला’खाली काय लिहायचे, ‘राहणे’ की ‘सातत्य’, हा निर्णयच प्रबंधिकेचा निष्कर्ष होता. ‘सातत्य’ लिहिले की हे आता मूळ क्रियापद राहिलेले नाही असा दावा झाला. मी जिथे मुक्काम करण्याचा अर्थ काढताच येत नाही तिथे, म्हणजे पाऊस, वारा, दुखणे यांच्या वाक्यांत, ‘सातत्य’ लिहिले आणि जिथे दोन्ही अर्थ लागतात तिथे दोन्ही नोंदवले.

शेवटी मराठी सारांश जोडायचे ठरवले. तशी सक्ती नव्हती, पण ज्यांनी आवाज दिला त्यांच्या घरात कुणाला तरी तो वाचता यावा, असे मला वाटत होते. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि अशोक केळकर, ना. गो. कालेलकर या भाषाशास्त्रज्ञांचे मराठी लेखन जवळ घेऊन बसले. ‘स्वनिम’, ‘व्याकरणीकरण’ हे शब्द ठेवले, कारण एकदा समजावून दिले की ते अंगी लागतात. ‘अर्गेटिव्ह’साठी सुचवलेला कुठलाच पर्याय मला पटला नाही, म्हणून ती गोष्ट ‘ने लागलेला कर्ता’ अशी लिहिली; ते लांबते, पण परतवाड्यात कळते. सातत्यासाठी ‘चालू क्रिया’ लिहिले. एका परीक्षकांनी मौखिकीत विचारले की हा शब्द शास्त्रीय आहे का. मी म्हटले, इंग्रजी प्रबंधिकेत पान अकरावर त्याची व्याख्या दिली आहे आणि पुढे सर्वत्र तो त्याच अर्थाने वापरला आहे. त्यांनी पान उलटून पाहिले आणि पुढचा प्रश्न ध्वनिमुद्रणांच्या संमतिपत्रांविषयी विचारला.